आधी काम, मग ग्रुप: कम्युनिकेशनमधल्या छोट्या व्यावसायिकांनी एकत्र कसं यावं

कम्युनिकेशनच्या क्षेत्रात एकट्यानं किंवा दोघा-तिघांत धंदा करणाऱ्यांची अडचण ठरलेली असते. क्लायंटला सगळं एकाच दारात हवं असतं: मजकूर, डिझाइन, अनुवाद, व्हिडिओ, सोशल मीडिया आणि वर पत्रकारांना पाठवायचं निवेदन. आपल्याला त्यातलं एक उत्तम येतं, दुसरं बरं येतं आणि बाकीचं 'जमवू' या सदरात मोडतं. मग एक तर काम सोडायचं, नाही तर अंगावर घेऊन रात्री जागवायच्या.

यावर हटकून सुचणारा उपाय म्हणजे ग्रुप काढणं. ओळखीच्या पन्नास-साठ जणांना एका झटक्यात जोडलं जातं. दोन दिवस सगळे आपापली ओळख आणि कामाचे नमुने टाकतात. पुढे उरतात ते फॉरवर्ड, आणि अधूनमधून 'कुणी अर्जंट लोगो करून देईल का?' असा प्रश्न. त्यात नवल काही नाही. या मंडळींनी एकमेकांबरोबर कधी काम केलेलं नसतं, त्यामुळे आपला क्लायंट दुसऱ्याच्या हाती सोपवायची कुणाची छाती होत नाही. आणि क्लायंट सोपवता येत नसेल, तर त्या ग्रुपमध्ये देवाणघेवाण करण्यासारखं राहतं तरी काय?

म्हणून क्रम उलटा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आधी एकाबरोबर एक काम, मग चार-पाच जणांची टोळी, आणि त्या टोळीला स्वतःहून गरज भासू लागली की ऑनलाइन समूह.

१. सोडलेल्या कामांची यादी करा

जोडीदार कोण हवा हे आवडीनिवडीवरून ठरवू नका. गेल्या वर्षभराचे मेल आणि मेसेज चाळा आणि तीन गोष्टी लिहून काढा. कोणतं काम आपल्याला नाकारावं लागलं? कोणतं घेतलं, पण मनासारखं झालं नाही? आणि काम झाल्यावर क्लायंटनं 'हेही तुम्ही करता का?' असं कशाबद्दल विचारलं? तिसरी यादी सर्वांत मोलाची, कारण तिथं विश्वास आधीच बसलेला असतो आणि फक्त हात कमी पडत असतात.

या यादीतून दोन प्रकारची माणसं दिसू लागतात. एक म्हणजे पूरक काम करणारी: तुम्ही लिहिता, ती डिझाइन करतात. दुसरी म्हणजे तुमचंच काम करणारी, रूढ भाषेत प्रतिस्पर्धी. लोक पहिल्यांच्या मागे लागतात आणि दुसऱ्यांना टाळतात. पण तुम्ही आजारी पडलात किंवा दोन डेडलाइन एकाच दिवशी आल्या, तर कामाला येणार आहे तो तुमचंच काम जाणणारा माणूस. डिझायनर तुमचा मजकूर लिहून देणार नाही. त्यामुळे दोन्हींपैकी निदान एकेक माणूस हेरून ठेवा.

माणसं शोधताना अगदी जवळच्या मित्रमंडळींच्या पलीकडे पाहा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेलं निरीक्षण इथं उपयोगी पडतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत होती, असे साधारण १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना काम मिळालं होतं ते अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे: जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. जुना सहकारी, एखाद्या कार्यशाळेत भेटलेली संपादक, दुसऱ्याच क्षेत्रातल्या क्लायंटसाठी काम करणारा व्हिडिओवाला, अशांना मेल टाका.

२. एकच छोटं काम, एकाच माणसाबरोबर

पहिलं काम मुद्दाम लहान निवडा: चार पानांचं माहितीपत्रक, एक न्यूजलेटर, दोन मिनिटांचा व्हिडिओ. क्लायंटला दिलेल्या तारखेआधी स्वतःसाठी तीन-चार दिवस राखून ठेवा आणि जोडीदाराला ती आतली तारीख द्या.

या कामात कौशल्याकडे फार लक्ष देऊ नका, ते नमुन्यांतून कळलेलंच असतं. लक्ष ठेवायचं ते वाईट बातमी कशी येते यावर. 'आज रात्रीपर्यंत होणार नाही, उद्या दुपारी देतो, चालेल का?' असं दुपारीच कळवणारा माणूस सोन्यासारखा. डेडलाइन उलटून गेल्यावर फोन न उचलणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती आपला क्लायंट देता येत नाही. दुसरी खूण म्हणजे तो प्रश्न विचारतो का. ब्रीफ (कामात काय हवं ते सांगणारी टिपण) वाचून एकही शंका न येणं हे बहुतेक वेळा ब्रीफ नीट न वाचल्याचं लक्षण असतं.

काम संपलं की पंधरा मिनिटं बोला. काय अडलं, पैसे पुरेसे वाटले का, पुन्हा करायचं का. इथं कुणीही 'नको' म्हणू शकतं, आणि म्हणूनच काम लहान हवं.

३. एक पान लिहून काढा

इथं थोडं रेंगाळणार आहे, कारण भागीदाऱ्या मोडतात त्या बहुतेक याच जागी. वकिली भाषेतला करार करता आला तर उत्तम, पण निदान दोघांच्या मेलमध्ये एक साधं पान हवंच, आणि तेही काम सुरू व्हायच्या आधी.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एका संस्थेचा वार्षिक अहवाल आहे. मजकूर तुमचा, मांडणी डिझायनरची, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती अनुवादकाची. क्लायंटशी बोलणं तुमचं आणि इनव्हॉइसही तुमचंच. मजकूर मंजूर झाला, पानं लागली, अनुवाद झाला. फाइल छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी क्लायंटचा मेल येतो: 'लेखापरीक्षकांनी आकडे बदललेत, शिवाय अध्यक्षांचं मनोगत नवीन पाठवतोय.' तुमच्यासाठी हा तासाभराचा बदल असतो. डिझायनरची मात्र सहा पानं पुन्हा हलतात, तीन तक्ते नव्यानं बसवावे लागतात. अनुवादकाला अख्खं मनोगत नव्यानं करायचं असतं. आणि तुम्ही क्लायंटला आधीच सांगून बसलेले असता, 'दोन राउंड करेक्शन किमतीत धरले आहेत.' मग हा कितवा राउंड? जादा पैसे क्लायंटकडून मागायचे की नाही? मागितले आणि त्यानं दिले नाहीत, तर डिझायनरचं नुकसान कुणी सोसायचं?

या प्रश्नांची उत्तरं त्या संध्याकाळी शोधायला गेलात तर भांडण ठरलेलंच. म्हणून पानावर पुढच्या गोष्टी आधीच असाव्यात.

मंजूर मजकुरात नंतर झालेला बदल म्हणजे नवीन काम, आणि त्याचा दर प्रत्येकानं आपापला सांगायचा. 'मंजूर' म्हणजे कुणाच्या मेलमधला होकार, तेही नावानिशी लिहा. क्लायंटच्या ऑफिसातला कुणीही 'छान आहे' म्हणाला म्हणजे मंजुरी झाली असं होत नाही.

पैशांची तारीख. 'क्लायंटनं दिले की देतो' ही पद्धत सर्रास चालते आणि मला ती मुळीच पसंत नाही. क्लायंट तुम्ही निवडलात, अॅडव्हान्स किती घ्यायचा ते तुम्ही ठरवलंत, मग उधारीचा धोका डिझायनरनं का उचलावा? काम दिल्यापासून अमुक दिवसांत पैसे, क्लायंटकडून आलेले असोत वा नसोत, हा नियम ठेवा. तो परवडावा म्हणून क्लायंटकडून अर्धे पैसे आधी घ्या. खरोखरच दोघांनी मिळून काम आणलं असेल आणि नफाही वाटून घेणार असाल, तर धोकाही वाटून घ्या. पण मग क्लायंटशी बोलण्याचा आणि इनव्हॉइस पाहण्याचा हक्कही दोघांना द्या.

कॉपीराइट. अनेक देशांत बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचे हक्क, लेखी काही ठरलं नसेल तर, करणाऱ्याकडेच राहतात. पैसे चुकते केले म्हणजे हक्क आपोआप आले असं नसतं. म्हणजे क्लायंटला 'सर्व हक्क तुमचे' असं लिहून देताना जोडीदारानं ते आधी तुम्हाला दिलेले असले पाहिजेत. फॉन्ट, विकत घेतलेले फोटो आणि संगीत यांचे परवाने कुणाच्या नावावर आहेत, हेही त्याच ओळीत लिहा.

श्रेय आणि नमुने. जोडीदार हे काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवू शकतो का, आणि केव्हापासून? काम तुमच्या नावानं जाणार असेल तर ते त्याला आधी माहीत हवं.

आणि शेवटी क्लायंट कुणाचा? उद्या क्लायंटनं थेट डिझायनरलाच फोन केला तर? कायमची बंदी घालणं अन्यायाचं आहे आणि ती पाळलीही जात नाही. एक वर्षापर्यंत, याच प्रकारचं काम असेल तर आधी मला सांगायचं, एवढं पुरतं. नुसती ओळख करून दिल्याबद्दल टक्केवारी घ्यायची की नाही यावर मतं वेगळी आहेत. मी घेत नाही, कारण हिशोबाची कटकट मिळकतीपेक्षा मोठी होते. घेणार असाल तर क्लायंटपासून लपवू नका.

४. टोळी लहान ठेवा

अशी दोन-तीन कामं पार पडली की चार-पाच भरवशाची माणसं आपोआप एकत्र येतात. इथं वाढण्याचा मोह आवरा. सॉफ्टवेअर अभियंता फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलेला हिशोब सगळ्यांच्या कामाला येतो: तिघांमध्ये बोलण्याचे मार्ग ३ असतात, सहा जणांत १५ आणि बारा जणांत ६६. माणसं दुप्पट झाली की समजावण्याचं काम चौपटीहून अधिक वाढतं.

प्रत्येक कामाला एकच म्होरक्या असावा, आणि क्लायंटशी फक्त तोच बोलेल. पुढच्या कामाचा म्होरक्या दुसरा असू शकतो, किंबहुना असावाच. फाइली एकाच सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि नावात तारीख व आवृत्ती घाला. 'फायनल_नवीन_खरंच फायनल' नावाची फाइल छापायला गेल्याचे किस्से या धंद्यात घरोघरी आहेत. कामाचे निर्णय चॅटमध्ये झाले तरी दिवसाअखेर त्यांची एक ओळ त्या फोल्डरातल्या नोंदीत जायला हवी.

५. ऑनलाइन समूह केव्हा आणि कुठे

समूहाची वेळ झाली हे ओळखायची खूण सोपी आहे. टोळीतल्या वेगवेगळ्या माणसांना बाहेरचे लोक तेच तेच प्रश्न विचारू लागतात: करार कसा करायचा, व्हॉइसओव्हरसाठी कोण, अमुक क्लायंट पैसे बुडवतो का. शिवाय टोळीला पेलणार नाही इतकं काम येऊ लागतं. तेव्हा दार थोडं उघडा.

समूह कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'कम्युनिकेशन क्षेत्रातल्यांचं व्यासपीठ' हे काही वाक्य नव्हे. 'पाच माणसांपर्यंतच्या लेखन, डिझाइन आणि अनुवादाच्या धंद्यांनी जादा काम एकमेकांना द्यावं आणि करार-पैशांच्या अडचणी सोडवाव्यात' यात कोण आत आणि कोण बाहेर हे कळतं. पहिल्या पंधरा जणांना लिंक पाठवू नका, एकेकाशी बोला. प्रत्येकाला विचारा: सध्या कुठे अडलंय? आणि दुसऱ्याला कशात मदत करू शकाल? ही उत्तरं लिहून ठेवा, पुढच्या दोन महिन्यांचे विषय त्यातच आहेत.

माध्यम निवडताना लोक सोय पाहतात. तीन गोष्टी आणखी पाहा.

जुनं सापडतं का? व्हॉट्सअॅपवर माणसं आधीच असतात, त्यामुळे सुरुवात सोपी जाते. पण चांगलं उत्तर दोन दिवसांत वाहून जातं, आणि ग्रुपमध्ये एकमेकांचे फोन नंबर उघडे पडतात. ग्रुपची मर्यादा १०२४ सभासदांची आहे, मात्र त्याच्या कितीतरी आधी तिथलं सगळं वाचणं अशक्य होतं. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो आणि विषयवार कप्पे करता येतात. स्लॅक कामाच्या चर्चेला नीटनेटकं आहे, पण २०२२ पासून मोफत योजनेत फक्त ९० दिवसांचे मेसेज दिसतात, म्हणजे जमवलेलं ज्ञान तीन महिन्यांत नजरेआड. डिस्कॉर्डला ही अडचण नाही, मात्र गेमिंगची सवय नसलेल्यांना त्याची मांडणी पहिल्यांदा गोंधळात टाकते.

बाहेर पडता येतं का? परक्याच्या जागेवर बांधलेलं घर मालक कधीही पाडू शकतो. गूगल प्लस सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. तिथले समूह माणसांच्या कमतरतेनं गेले नाहीत, जागाच गेली. म्हणून माध्यम कोणतंही असो, सभासदांची नावं आणि ईमेल त्यांच्या संमतीनं वेगळ्या तक्त्यात ठेवा, आणि चांगली उत्तरं महिन्यातून एकदा स्वतःच्या कागदपत्रांत उतरवून घ्या.

तिसरं, चाव्या कुणाकडे? अॅडमिन निदान दोन हवेत. एकच अॅडमिन आणि त्याचा फोन हरवला, एवढ्यावर समूह अडून बसतात.

६. पहिले तीन महिने

समूह काढल्यावर शांतता पसरते आणि काढणाऱ्याचा धीर सुटतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा लक्षात ठेवा: ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात आणि १ टक्का बहुतेक मजकूर पुरवतो. छोट्या, ओळखीच्या समूहात प्रमाण याहून बरं असतं. तरी गप्प बसणाऱ्यांना टोचून बोलू नका. वाचणाराच उद्या काम देतो.

सुरुवातीला बोलणं तुम्हालाच पेरावं लागेल. 'सुप्रभात, काय चाललंय?' यानं काही होत नाही. आधी एकेकाशी बोलताना कळलेली अडचण त्याच्या परवानगीनं मांडा आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याला नावानं हाक मारा. एखादा ठरलेला वार ठेवा: एका वारी 'या आठवड्यात कुणाचा हात मोकळा आहे, कुणाचा भरलाय', दुसऱ्या वारी एखाद्या कामावर प्रतिक्रिया. पहिलं सदर दिसायला क्षुल्लक आहे, पण काम हलतं ते त्यातूनच.

काम पुढे देण्याच्या मेसेजला साचा ठरवून घ्या, नाही तर 'डिझायनर हवाय, डीएम करा' यापलीकडे गाडी जात नाही. साचा असा:

'काम: २४ पानी पुस्तिकेची मांडणी, मजकूर तयार. भाषा: दोन. तारीख: पहिला नमुना १२ तारखेला, अंतिम फाइल २० तारखेला. बजेट: ठरलेलं आहे, आकडा विचारणाऱ्याला खासगीत सांगेन. अॅडव्हान्स: ५० टक्के. क्लायंटशी कोण बोलणार: मी. पोर्टफोलिओत दाखवता येईल: हो, प्रकाशनानंतर. उत्तर कधीपर्यंत: उद्या संध्याकाळ. काम कुणाला गेलं ते इथेच कळवेन.'

शेवटची ओळ गाळू नका. दहा जणांनी नमुने पाठवले आणि पुढे काहीच कळलं नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी कुणी हात वर करत नाही.

प्रतिक्रिया मागण्यालाही शिस्त हवी. 'कसं वाटतंय?' याला 'मस्त' हेच उत्तर येतं. 'पहिल्या परिच्छेदात देणगी कशासाठी ते कळतं का?' असं विचारलं की माणसं खरं वाचतात.

७. नियम थोडे, पण पाळले जाणारे

सामायिक संसाधनं लोक स्वतः कशी सांभाळतात याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला, आणि त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना टिकून राहिलेल्या व्यवस्थांत काही समान गोष्टी आढळल्या: कोण सभासद हे स्पष्ट असतं, नियम बनवण्यात पाळणाऱ्यांचा वाटा असतो, शिक्षा पायरीपायरीनं वाढते आणि वाद मिटवायला स्वस्त, जवळची जागा असते. त्यांचा अभ्यास कुरणं, मासेमारी आणि पाटाच्या पाण्याचा होता, तरी आपल्याला तो लागू पडतो. पहिल्या चुकीला खासगीत एक ओळ, दुसऱ्यांदा काही दिवस लिहिण्याची मनाई, तिसऱ्यांदा बाहेर. चारचौघांत झापलं की त्या माणसाबरोबर आणखी पाच जण गप्प होतात.

आमच्या क्षेत्रासाठी दोन नियम खास हवेत. पहिला गोपनीयतेचा: क्लायंटचं नाव, अप्रकाशित मजकूर, मेलचे स्क्रीनशॉट टाकायचे नाहीत. पैसे बुडवणाऱ्याबद्दल इशारा द्यायचा झाला तरी जाहीर नाव घेण्यापेक्षा 'या प्रकारच्या क्लायंटबरोबर कुणी काम केलंय का, खासगीत बोलूया' असं लिहा. बदनामीचा दावा समूहावर नव्हे, लिहिणाऱ्यावर येतो, आणि 'हा तर बंद ग्रुप होता' हा बचाव फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरा नियम दरांचा, आणि तो पुष्कळांना ठाऊकच नसतो. 'सगळ्यांनी मिळून अमुक दराखाली काम घ्यायचं नाही असं ठरवूया' ही सूचना प्रत्येक समूहात कधी ना कधी येते, आणि रेट पाडणाऱ्यांना वैतागलेल्यांना ती पटतेही. पण बहुतेक देशांच्या स्पर्धा-कायद्यात प्रतिस्पर्ध्यांनी आपसात भाव ठरवणं बेकायदेशीर आहे, आणि स्वतंत्र व्यावसायिकही अनेक ठिकाणी त्या कक्षेत येतात. युरोपीय संघानं २०२२ मध्ये एकट्यानं काम करणाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींसाठी काही सूट दिली, पण ती सरसकट नाही. तेव्हा दर कसा काढायचा, कोणते तास मोजायचे, करेक्शनचे पैसे कसे मागायचे यावर खुशाल बोला. आकडा ठरवण्याचा ठराव मात्र करू नका.

८. कष्ट कुणाचे, पैसे कुणाचे

समूह चालवणं हे काम आहे आणि ते फुकट करणारा माणूस वर्षभरात थकतो. तीन-तीन महिन्यांनी जबाबदारी फिरवा: एक जण नव्यांचं स्वागत पाहील, एक जण वारांची सदरं, एक जण उत्तरांचं संकलन. खर्च असेल तर लहानशी वर्गणी ठेवा आणि हिशोब सगळ्यांना दिसेल असा मांडा. प्रायोजक घेतलात तर त्याची पोस्ट महिन्याला एक आणि वर 'प्रायोजित' असं लिहिलेली. त्याहून जास्त झालं की सभासदांना आपण गिऱ्हाईक झाल्याचा वास येतो.

प्रगती मोजायची तर सभासदसंख्या सोडून द्या. तीन महिन्यांत किती कामं एकाकडून दुसऱ्याकडे गेली, किती प्रश्नांना दिवसभरात उत्तर मिळालं, किती नव्या जोड्यांनी पहिल्यांदाच एकत्र काम केलं, एवढे तीन आकडे पुरेत. पहिला आकडा शून्यावर अडकला असेल, तर पुन्हा दोन माणसं निवडा आणि त्यांना एक छोटं काम एकत्र करायला लावा.

समूह दीडशेच्या आसपास गेला की ओळखी विरळ होतात. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात माणसाला टिकवता येणाऱ्या नात्यांचा आकडा तेवढाच सांगितला होता. त्या आकड्याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण एवढ्या मोठ्या समूहात अनोळखी नावं वाढतात हे कुणालाही दिसतं. तेव्हा विषयवार लहान गट करा, आणि मोठ्या गटात फक्त कामं आणि सूचना ठेवा.

कधी समूह बंदही करावा लागतो, आणि तसं झालं तर लपवाछपवी नको. महिनाभर आधी तारीख जाहीर करा, उपयोगी उत्तरं आणि करारांचे नमुने एका फाइलमध्ये सगळ्यांना द्या, उरलेल्या पैशांचं काय करायचं ते मत घेऊन ठरवा आणि सभासदांची माहिती पुसून टाकल्याचं त्यांना कळवा. आधीची चार-पाच जणांची टोळी मात्र चालू राहू द्या, तिला ग्रुपची गरज कधीच नव्हती.